वायव्येची खोली

२ डिसेंबर

या घरात राहायला आलो त्या दिवशी गॅस जोडलेला नव्हता. मागच्या पायरीवर तीन विटा मांडून यांनी चहा केला. कप कुठल्यातरी खोक्यात तळाशी गेले होते, म्हणून डब्यांच्या झाकणांतून प्यायलो. झाकण तापलेलं, मी पदराने धरलेलं. दीड वर्षाचा सौरभ माझ्या मांडीवर झोपलेला. हे म्हणाले, "दार दक्षिणेला झालंय. आपल्या मुक्ताला कळलं तर ती इथे चहासुद्धा घ्यायची नाही." मी म्हटलं, मग? तर म्हणाले, "मग काय, तिच्या वाटणीचा आपण पिऊ." आणि उरलेला चहा दोघांत वाटून घेतला. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही. सदतीस वर्षं झाली. हे जाऊन चार झाली.

आज ते आठवायचं कारण माझ्या नणंदेचा, मुक्ताबाईंचा, निमगाव केतकीहून आलेला फोन. त्यांच्या जावयाकडे पुण्याचे कोणी वास्तुतज्ज्ञ येऊन गेले. घरात चार बदल केले आणि तिथे सगळं सुरळीत झालं म्हणे. मी अशा गोष्टींवर हसत आले आहे. पाचगणीला बोर्डिंगमध्ये दहा वर्षं काढलेल्या बाईला होकायंत्र फक्त भूगोलाच्या तासाचं माहीत. पण शुक्रवारी माधवी पुण्याच्या दवाखान्यातून परतली. तिसरी खेप, याही वेळी काही राहिलं नाही. आल्या आल्या तिने घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली या पोरीच्या, आणि मला सासू म्हणून एक धड वाक्य सुचेना. म्हणून मी मुक्ताबाईंना म्हटलं, पाठवा त्यांना.

मीच म्हटलं. हे इथे लिहून ठेवते. बोर्डिंगमधल्या सिस्टर सांगायच्या, रोजनिशीत आधी हवा लिहा आणि मग खरं लिहा.

हवा: थंडी, आभाळ मोकळं.

८ डिसेंबर

थंडी कमी. वास्तूवाले सर येऊन गेले. पांढरा शर्ट, अनवाणी पाय, बोलणं इतकं हळू की आपणच पुढे वाकतो. हॉलच्या मधोमध होकायंत्र ठेवून दहा मिनिटं गप्प बसले. मग उठून थेट मागच्या दारापाशी गेले, जसं काही कोणी हाक मारली.

दोष दक्षिणेच्या दाराचा. घरात येतं ते सगळं तिथून निघून जातं. दार बुजवायचं. दाराआड यांच्या चपला अजून आहेत, त्या काढायच्या. फुटक्या संचातले कप, बंद घड्याळ, गेलेल्या माणसांचे कपडे, सगळं बाहेर. उंबऱ्यांना तांब्याच्या पट्ट्या. जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही म्हणाले. नैऋत्येला कोण झोपतं, असं विचारलं. मी. ती कर्त्याची खोली, ती आता सौरभची. मग घर कोणाच्या नावावर आहे ते विचारलं. सौरभ म्हणाला, "आमचंच आहे." ते यांनी माझ्या नावावर केलं होतं, माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला. पण तेवढ्यासाठी मधे बोलणं बरं दिसलं नसतं.

जाताना सौरभने आपल्या ठिबकच्या दुकानाचं विचारलं. इंदापूरच्या नव्या शाखेत माल पडून आहे. सर म्हणाले, "वायव्येला ठेवा. वायव्य म्हणजे वारा. तिथे ठेवलेलं काही टिकत नाही, लवकर निघतं." सौरभने ते वहीत लिहून घेतलं, शाळेत घ्यायचा तसंच, मान तिरकी करून.

माधवी सगळा वेळ हात जोडून उभी होती. तिचे ते जोडलेले हात पाहिले आणि ठरवलं, मी कशालाही नाही म्हणणार नाही.

१५ डिसेंबर

निरवांगीहून गेणू गवंडी आला. हे घर बांधताना त्याचा बाप मिस्त्री होता आणि गेणू पाणी मारायचा. आता त्याच्याच मिशा पांढऱ्या. घमेलं खाली ठेवून तो दाराकडे बघत राहिला. "बाई, खरंच बुजवायचं का? माझ्या बापानं बसवल्याली चौकट हाय ती." मी म्हटलं, हो. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. चौकट आणि फळ्या भंगारात द्यायला तो तयार नव्हता. आपल्या गोठ्यात ठेवतो म्हणाला. ट्रॅक्टरवर घालून घेऊन गेला. किल्ल्या मात्र माझ्याकडेच राहिल्या, दोन्ही.

मागच्या गल्लीत भामाबाई उभी होती. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून, खरं तर त्याही आधीपासून, रोज दुपारी साडेतीनला ती त्या दाराने येते आणि आम्ही पायरीवर बसून चहा पितो. मी आतून बघत होते. विटांचे थर चढत गेले तशी भामाबाई कमरेपर्यंत गेली, मग गळ्यापर्यंत. शेवटी फक्त तिचा अंबाडा दिसत होता. मग तोही गेला.

२३ डिसेंबर

नव्या खोलीत आले, वायव्येच्या कोपऱ्यातल्या. पूर्वी आम्ही इथे धान्याची कणगी आणि पाहुण्यांच्या गाद्या ठेवायचो. खिडकी पश्चिमेला, समोर शेजाऱ्यांच्या टाकीची भिंत. दुपारी तीननंतर ऊन थेट उशीवर येतं. माझा पलंग दारातून आत जाईना, म्हणून सौरभने लोखंडी कॉट आणली. तिच्यावर झोपले आणि बोर्डिंगची आठवण झाली. तिथे आमच्या प्रत्येक वस्तूवर नंबर शिवलेला असायचा. माझा सत्तेचाळीस. चादरीवर, टॉवेलवर, मोज्यांवरसुद्धा. सुट्टीत घरी आले की आई ते नंबर बघून डोळे पुसायची. मला मात्र त्यांचा आधार वाटायचा. वस्तू हरवली तरी परत येणार हे नक्की.

सौरभ-माधवी नैऋत्येच्या खोलीत गेले. त्यांची मधली खोली रिकामीच आहे. तिथे सध्या काही ठेवायचं नाही असं सरांनी सांगितलंय.

यांच्या चपला मी टाकल्या नाहीत. कॉटखाली आहेत, पिशवीत. निळ्या फुलांचे पाच कपही.

६ जानेवारी

काल पुढच्या दाराला नवं कुलूप बसवलं, वर बेलचं बटण आणि कॅमेरा. बोट ठेवलं की उघडतं. सौरभचं बोट घेतलं, माधवीचं घेतलं, माझं घेईना. दहाही बोटं लावून पाहिली. बसवणारा मुलगा म्हणाला, आजी, रेषा झिजल्यात. नंबर दाबूनही उघडतं, पण तो सरांनी काढून दिलेला आकडा आहे आणि कोणाला सांगायचा नाही. सौरभ म्हणाला, "आई, तू घरातच तर असतेस. तुला काय करायचाय नंबर?"

खरं आहे ते. आतून साधं हँडल आहे, बाहेर कधीही पडता येतं. आत यायला कोणीतरी लागतं.

आज चारला मी भामाबाईकडे गेले. पूर्वी वीस पावलं होती, आता सगळी आळी वळसा घालून जावं लागतं. परत आले तर दार बंद. माधवी लोणी भापकरला माहेरी गेलेली, सौरभ इंदापूरला. फोन आत राहिलेला. एक तास चाळीस मिनिटं पायरीवर बसले. येणारे-जाणारे विचारत होते, काय काकू, आज बाहेर? मी म्हणत होते, ऊन खातेय. ऊन केव्हाच गेलं होतं.

माधवी आली तेव्हा मला तसं बघून तिचा चेहरा उतरला. माझे पाय आपल्या हातांनी चोळले. सौरभला सांगू नकोस म्हटलं. त्याला उगीच वाईट वाटेल.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. भामाबाई तिळगूळ घ्यायला आली नाही. फोन केला तर म्हणाली, "आले हुते की. तुमच्या दारानं माझा फोटू काढला. आधी सांगायचं न्हाय का ताई, पावडर तरी लावून आले असते." मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "न्हाय जमायचं मला त्या दारानं. बटन दाबून कुणी चहाला येतं का?"

आता साडेतीनला मी टाकीच्या भिंतीकडे बघत चहा पिते. इथे लिहायला हरकत नाही, मला दुपारी श्वास कोंडल्यासारखा होतो. बाहेर जायला मन होत नाही, कारण परत येताना उभं राहायचं असतं. मागचं दार बुजवून महिना झाला, तीनदा गेले असेन. माणूस किती लवकर सवय करून घेतो.

पण माधवी जरा खुलली आहे. सकाळी ईशान्येच्या कोपऱ्यात पाण्याची घागर भरते, फुलं ठेवते. तेवढ्यासाठी सगळं चालेल.

३ फेब्रुवारी

ढगाळ. सौरभने आज मला एक काम दिलं आणि मला फार बरं वाटलं. सरांचं म्हणणं, दोन घरांच्या वस्तू एकमेकांत मिसळल्या की घरात गुंता राहतो. माधवीचे दागिने, चांदी, साड्या, भांडी यांत तिच्या माहेरचं काय आणि आपलं काय, ते वेगळं करून ठेवायचं. "तुझं अक्षर चांगलं आहे आई, तू चिठ्ठ्या लाव," म्हणाला.

दिवसभर बसले. प्रत्येक वस्तू हातात घेतली की तिचा दिवस आठवत होता. तोडे आमचे, ठुशी तिच्या आईची. चांदीचं ताट मुक्ताबाईंनी दिलेलं, म्हणजे आपलं. दोन डबे केले. बोर्डिंगमधल्या वळणदार अक्षरात एकावर लिहिलं 'माधवी – माहेरचे', दुसऱ्यावर 'घरचे'. माधवी दोनदा दारात येऊन गेली. मला वाटलं, तिला कौतुक वाटतंय.

२० फेब्रुवारी

उकाडा सुरू. इंदापूरचा पडून राहिलेला माल संपला. वायव्येला ठेवल्यावर तीन आठवड्यांत गेला. सौरभ आठवड्यातून चार दिवस तिकडेच असतो. आला की गुणगुणत असतो. काल माझ्याजवळ बसला आणि विचारलं, मी झालो तेव्हा तू किती वर्षांची होतीस? मी म्हटलं, अठ्ठावीस. म्हणाला, "बाईचं वय महत्त्वाचं असतं ना?" मी म्हटलं, माधवी अजून चौतिसाची आहे, आशा सोडू नकोस. माझा हात थोपटून तो उठला.

माधवीची फुलं घागरीजवळ तशीच सुकलेली होती आज.

८ मार्च

आज छान दिवस. सौरभ म्हणाला, "आई, तू मधल्या खोलीत जा. दोन खिडक्या आहेत, रस्ता दिसतो. तुझा पलंगही मावेल." मला खरंच वाटेना. माझा इथे श्वास कोंडतो हे माधवीनेच त्याला सांगितलं असणार. माझ्या जागी माधवी या खोलीत झोपेल, सव्वा महिना, सरांनी सांगितलंय. काहीतरी उपाय असेल.

पडद्यांचं माप घेतलं. रस्त्याच्या खिडकीतून भामाबाई बाजाराला जाताना दिसेल.

संध्याकाळी माधवी या खोलीत आली आणि कॉटवर बसून खिडकीकडे बघत राहिली. विचारलं, "आई, इथून काहीच दिसत नाही का हो?" मी म्हटलं, टाकी दिसते. सव्वा महिन्याचा तर प्रश्न आहे. ती हसली. ते हसणं मला जेवताना पुन्हा पुन्हा आठवलं.

११ मार्च

कडक ऊन. मुक्ताबाईंचा फोन आला. मी आनंदाने खोलीचं सांगितलं. मुक्ताबाई गप्प झालेल्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

मग म्हणाल्या, "वैनी, वायव्येला कुणाला ठेवत्यात ठावं हाय का? लग्नाच्या पोरीला. लवकर घराभायेर पडावी म्हणून. आमच्या नातीला त्या सरांनी तितंच झोपवली, तीन महिन्यांत उजवली. तुमाला तितं टाकलंय हे मला पैल्यांदा कळतंय."

मी म्हटलं, मला नाही, आता माधवीला.

"तेच तर," त्या म्हणाल्या. आणि मग, अडखळत, "सौरभनं मला इचारलं हुतं, इंदापूरकडं तुमच्या नात्यात कुणी पोरगी हाय का म्हून. मैतरासाठी म्हणाला. मी बी मैतरासाठीच समजले."

मित्रासाठीच असेल, असं मी म्हटलं. फोन ठेवला. मित्रासाठी असेल असं इथेही लिहिणार होते. पण हवा आधीच लिहून झाली आहे.

दोन डबे कपाटात आहेत. त्यांच्यावर माझं अक्षर आहे.

१२ मार्च

सौरभ पलंग हलवायला दोन माणसं घेऊन आला. मी कॉटवर बसून राहिले. म्हटलं, मला ही खोली सोडायची नाही. इथे वारा चांगला येतो.

तो म्हणाला, "कसला वारा आई? समोर भिंत आहे."

मी म्हटलं, मला येतो.

"हट्ट करू नकोस. या खोलीत माणसाने फार दिवस राहू नये."

"का रे?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी शाईची दौत सांडली की असाच बघायचा. मग माणसांना परत पाठवलं.

मुलगा माझा आहे. वाईट नाही, असं अजून वाटतं. त्याला मूल हवंय आणि कोणाच्या तोंडावर काही बोलायचं धाडस नाही. म्हणून बोलायचं ते खोल्यांकडून करून घेतोय. आणि मलाही त्याने आधी इथे ठेवलं होतं. ते नुसतं सोयीसाठी की मीही निघावं म्हणून, हे मी त्याला विचारणार नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, अशी भीती वाटते.

२१ मार्च

दहा दिवस मी ही खोली सोडलेली नाही. पाणी प्यायलासुद्धा घाईने जाते आणि घाईने येते, जशी काही परत येईपर्यंत कोणी माझी जागा घेईल. दुपारी ऊन उशीवर येतं तेव्हा खुर्ची दाराकडे ओढते.

आज दुपारी माधवी आली. माझ्या पायांशी बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही खोली का सोडत नाही?"

मी म्हटलं, वारा येतो.

"मला माहीत आहे ही खोली कशाची ते. मी फोनवर वाचलं होतं, डिसेंबरातच. तुम्हाला इथे आणलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. वाटलं, त्यात माझं भलं होत असेल तर." ती रडत नव्हती. "आणि डब्यांवरचं अक्षर बघितलं तेव्हा वाटलं, तुम्हीपण त्यांच्याबरोबर आहात. तुम्ही इतकं सुंदर लिहिलं होतं."

ऊन माझ्या उशीवरून तिच्या केसांवर आलं. मग मी कॉटखालची पिशवी काढली आणि यांच्या चपला तिला दाखवल्या. का ते सांगता येणार नाही. तिने त्या पदराने पुसल्या.

मी तिला विचारलं, तुला जायचंय का? म्हणाली, "मला ठरवायचंय. पण इथे ठेवून कोणी घालवायला नको."

संध्याकाळी गेणूला फोन केला. भिंत पाडायला किती वेळ लागेल? म्हणाला, "पाडाया आर्धा तास. चौकट बसवाया आर्धा दिस. बाई, तेल लावून ठेवलीय मी."

२९ मार्च

ऊन. थोडा वारा, खराच.

उद्या पाडवा आहे. गेणू भिंत पाडायला येणार आहे. त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही, त्यामुळे सरांना विचारायचं कारण नाही. सौरभ दुकानाच्या पूजेला सकाळीच इंदापूरला जाईल. परतल्यावर त्याला हे पान जेवणाच्या टेबलावर मिळेल. वहीतून फाडून ठेवणार आहे, म्हणून नीट अक्षरात लिहिते.

घर माझ्या नावावर आहे. एरवी मी हे बोलले नसते.

दागिन्यांचे दोन डबे पुन्हा एक केले आहेत आणि चिठ्ठ्या काढून टाकल्या आहेत. सगळं माधवीचं, तोडेसुद्धा, ती या घरात राहिली तरी आणि न राहिली तरी. सौरभ, तू तिला जे सांगायचं ते तोंडाने सांग. ती ऐकून घेईल, तेवढी ती मोठी आहे.

मधली खोली माधवीला, नैऋत्येची पुन्हा मला. माझा मोठा पलंग गेणू उद्या मधल्या खोलीत हलवून देईल.

निळ्या फुलांचे पाच कप भामाबाईला. त्यातले दोन तिने दुपारी साडेतीनला घेऊन यावेत.

सरांनी लावलेल्या तांब्याच्या पट्ट्या काढून ठेवल्या आहेत. त्या मुक्ताबाईंना, हव्या असतील तर. माझं इरकल मात्र त्यांना नक्की, कारण खरं त्यांनी सांगितलं.

भिंतीच्या विटा गेणूला. त्याला गोठ्यासमोर ओटा करायचा आहे. जेवल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.

यांच्या चपला कोणालाही नाहीत. त्या दाराआड राहतील.

पुढच्या दाराचं कुलूप सौरभला. आकडाही त्याचा त्यालाच असू दे.

आणि वायव्येची खोलीही सौरभला. कॉटवर धुतलेली चादर घातली आहे, उशाशी पाण्याचा तांब्या आहे. आई म्हणून वाटतं, त्याने जाऊ नये. पण तिथे झोपून काय वाटतं ते त्याला कळू दे.

दक्षिणेच्या दारासमोर उद्या माधवी गुढी उभारेल. त्या दाराला किल्ल्या दोन आहेत. एक माधवीला. एक मला. तिसरी करायची नाही.